जिवंत पेशीतील निरोप

बालाघाटसारख्या जिल्ह्यात विज्ञान शिकवणाऱ्या माझ्यासारख्या शिक्षकाच्या वाट्याला प्रयोगशाळा म्हणून बहुधा एक कपाट येते. आमच्या कपाटात एक सूक्ष्मदर्शक आहे, काही परीक्षानळ्या आहेत आणि एका लाकडी पेटीत जपून ठेवलेल्या थोड्या काचपट्ट्या आहेत. त्यांतल्या एका काचपट्टीवर हिवतापाच्या रोग्याच्या रक्ताचा पातळ थर पसरलेला आहे. भिंगातून पाहिले म्हणजे रक्तातील तांबड्या पेशी फिकट गुलाबी दिसतात. आणि एखाद्या पेशीच्या पोटात, अंगठीवर खडा बसवावा तसे, एक निळसर कडे व त्यावर एक तांबडा ठिपका दिसतो. तो हिवतापाचा जंतू.

काही वर्षांपूर्वी मी ही काचपट्टी दहावीच्या मुलांना दाखवीत होतो. बैहरच्या बाजूच्या एका खेड्यातून आलेली आणि वसतिगृहात राहणारी एक मुलगी बराच वेळ भिंगाला डोळा लावून उभी होती. आदल्या पावसाळ्यात तिच्या धाकट्या भावाला हिवतापाने नेले होते. ताप मेंदूत गेला आणि तीन दिवसांत सगळे संपले. मला ते ठाऊक होते, म्हणून मी तिला घाई केली नाही. शेवटी तिने डोळा काढला आणि शांतपणे म्हणाली, "सर, हा तर मेलेला आहे. माझ्या भावाच्या अंगात होता तो जिवंत होता. तो आत काय करतो, ते यात दिसत नाही."

वर्गातील आमची भाषा हिंदी. तिच्या बोलण्याचा आशय मी मराठीत सांगतो आहे. मी तिला उत्तर दिले, "बाळ, मारल्यावाचून तो दिसत नाही." घंटा झाली, मुले गेली आणि तो विषय तिथेच राहिला.

श्रोतेहो, माझे ते उत्तर चुकीचे होते. पुढे वाचन करताना ते किती चुकीचे होते हे मला कळत गेले. आजचे हे भाषण म्हणजे त्या मुलीला द्यायचे राहून गेलेले खरे उत्तर आहे.

प्रथम माझी चूक कशी झाली ते सांगतो. रक्ताचा थर तपासताना तो काचेवर वाळवतात, मद्यार्काने घट्ट करतात आणि मग त्यावर रंग चढवतात. रंगावाचून पेशीचे भाग एकमेकांपासून वेगळे ओळखू येत नाहीत, कारण पेशी बहुतेक पाण्यासारखी पारदर्शक असते. या रीतीने रोगाचे निदान उत्तम होते. गेली शंभरांहून अधिक वर्षे लाखो माणसांचे प्राण या साध्या काचपट्टीने वाचवले आहेत. तथापि ती काचपट्टी म्हणजे कुस्तीच्या आखाड्यातील एक छायाचित्र आहे. मल्ल कोठे उभे होते ते त्यावरून समजते. डाव कसा पडला ते समजत नाही.

तसे पाहिले तर हिवतापाचा जंतू प्रथम दिसला तोच मुळी जिवंत. १८८० साली अल्जीरियातील कॉन्स्टंटाइन या गावी लॅव्हरां नावाच्या फ्रेंच लष्करी डॉक्टराने एका सैनिकाचे ताजे, न रंगवलेले रक्त भिंगाखाली धरले आणि त्यात वळवळणारे जीव पाहिले. म्हणजे केवळ हालचाल पाहायची तर ती त्या काळीही दिसत होती. परंतु जीव हालतो हे दिसणे वेगळे आणि तो कोणत्या निरोपावरून हालतो हे दिसणे वेगळे. माझ्या विद्यार्थिनीचा प्रश्न या दुसऱ्या गोष्टीविषयी होता, आणि त्याचे उत्तर मिळायला पुढे शंभर वर्षे लागली.

पेशीच्या आत निरोप असतात काय? असतात. पेशी ही एखाद्या गावासारखी आहे. बाहेरून काही बातमी येते, ती आतील निरनिराळ्या भागांना कळवावी लागते आणि मग काम सुरू होते. हे निरोप नेणाऱ्या द्रव्यांपैकी अत्यंत महत्त्वाचे एक द्रव्य आपल्या अगदी ओळखीचे आहे. भिंतीला लावायच्या चुन्यात ते आहे, दुधात आहे, आपल्या हाडांत आहे. ते म्हणजे कॅल्शियम.

कॅल्शियम हे हाडे घडवणारे द्रव्य, एवढेच पूर्वी माहीत होते. १८८३ साली लंडनच्या सिडनी रिंगर नावाच्या डॉक्टरांनी बेडकाचे हृदय शरीराबाहेर काढून क्षारयुक्त पाण्यात धडधडत ठेवण्याचे प्रयोग केले. पाणी नळाचे असले की हृदय चालत राही. ऊर्ध्वपातित शुद्ध पाण्यात तेच क्षार घातले तर ते लवकरच थांबे. शोध घेता असे आढळले, की नळाच्या पाण्यात विरघळलेले कॅल्शियम हृदयाला हवे होते. ज्याला आपण पाण्याचा जडपणा म्हणतो आणि ज्यामुळे साबणाला फेस येत नाही, त्याच द्रव्यावर हृदयाचा ठोका अवलंबून असावा, ही मोठी नवलाची गोष्ट होती.

पुढे त्याचे कारण समजले. पेशी आपल्या आतील कॅल्शियम सतत बाहेर फेकत असते, अथवा आतल्या कोठारांत कोंडून ठेवीत असते. त्यामुळे पेशीबाहेरच्या द्रवात जेवढे मुक्त कॅल्शियम असते त्याचा सुमारे दहाहजारावा हिस्साच आत असतो. धरणाच्या एका बाजूला पाणी तुडुंब भरलेले आणि दुसऱ्या बाजूचे पात्र जवळजवळ कोरडे, अशी ही स्थिती होय. एखादा निरोप आला की दार क्षणभर उघडते, कॅल्शियम आत येते, त्याचे प्रमाण सुमारे दहापट होते आणि पुन्हा ओसरते. हाच निरोप. स्नायूचे आकुंचन, ग्रंथींतून पाझरणारे रस, मज्जापेशींचे परस्परांशी बोलणे, गर्भधारणेच्या क्षणी अंड्यात उठणारी लाट, या सर्वांच्या मागे कॅल्शियमचा हा चढउतार असतो. काही ठिकाणी तो सेकंदाच्या अल्पांशात होऊन जातो. पेशी मारून, वाळवून, रंगवून तो सापडणार कसा? पूर ओसरल्यावर कोरडे पात्र पाहून पाणी कधी व कोठून आले ते सांगता येत नाही.

हा निरोप पाहायचा तर दोन गुण एकाच द्रव्यात हवेत. पहिला गुण दर्शकाचा. दर्शक म्हणजे एखाद्या पदार्थाची गाठ पडताच आपले रूप बदलून ती गोष्ट आपल्याला सांगणारे द्रव्य. हे आपल्या घरात रोज घडते. हळदीचा डाग साबणाने धुवायला घेतला की तांबडा होतो. हळदीला चुना लागला तरी ती तांबडी होते. जुन्या पद्धतीचे कुंकू याच गुणावर होत असे. रसायनशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर हळद हा अल्क ओळखणारा दर्शक आहे.

दुसरा गुण अनुस्फुरणाचा. काही द्रव्यांवर एका रंगाचा प्रकाश टाकला असता ती तो शोषून घेतात आणि तत्काळ दुसऱ्या रंगाचा प्रकाश बाहेर टाकतात. याची गोष्ट आपल्या हिवतापाशीच निगडित आहे, म्हणून जरा विस्ताराने सांगतो.

दक्षिण अमेरिकेतील सिंकोना नावाच्या झाडाची साल हिवतापावर गुणकारी असते. सतराव्या शतकात ती युरोपात पसरवण्यात येशूसंघीय धर्मगुरूंचा मोठा हात होता, म्हणून तिला कित्येक वर्षे "जेझुइटांची साल" असेच म्हणत. १८२० साली पॅरिसमधील पेलेतिए व कावांतू या दोघांनी त्या सालीतून क्विनाइन हे शुद्ध द्रव्य वेगळे केले. इंग्रजी अमदानीत हे क्विनाइन आपल्याकडे टपालकचेरीतसुद्धा पुड्यांतून विकत मिळे. आमच्या आजोबांच्या पिढीला त्याचा कडवटपणा जन्मभर आठवत असे.

या क्विनाइनच्या पाण्यासारख्या स्वच्छ द्रावणाच्या पृष्ठभागावर सूर्यप्रकाशात निळी झाक दिसते, ही गोष्ट १८४५ साली जॉन हर्शेल यांनी नोंदवली. सात वर्षांनी केंब्रिजचे प्राध्यापक जॉर्ज स्टोक्स यांनी तिचा उलगडा केला. त्यांनी लोलकातून सूर्यप्रकाशाचे सात रंग पाडले आणि क्विनाइनची नळी त्या रंगांतून हळूहळू सरकवली. तांबडा, पिवळा, हिरवा या रंगांत काहीच घडले नाही. नळी जांभळ्या टोकाशी गेली आणि त्याही पलीकडे, जेथे डोळ्यांना नुसता अंधार दिसतो तेथे गेली, तेव्हा ती निळ्या प्रकाशाने उजळली. अंधारातील अदृश्य किरण क्विनाइनने गिळले होते आणि त्यांच्या बदली दिसणारा निळा प्रकाश परत दिला होता. या अदृश्य किरणांना आपण जंबुपार किंवा अतिनील किरण म्हणतो. स्टोक्स यांनी १८५२ साली या चमत्काराला जे इंग्रजी नाव दिले त्याला आपण मराठीत अनुस्फुरण म्हणतो.

हा प्रयोग आपणही करू शकाल. दुकानदार नोटा तपासायला जो जांभळा दिवा वापरतात तो घ्या आणि अंधाऱ्या खोलीत टॉनिक वॉटर या पेयाच्या बाटलीवर धरा. त्यात किंचित क्विनाइन असते. बाटली निळी चमकेल. हळद स्पिरिटमध्ये ढवळून त्यावर तोच दिवा धरा. हिरवट पिवळा उजेड दिसेल. मात्र त्या दिव्याकडे थेट पाहू नका. मुलांना हा प्रयोग दाखवला की वर्ग कसा स्तब्ध होतो, हे मी अनेकदा पाहिले आहे.

आता या दोन गुणांचा संगम झाला तर काय होईल याचा विचार करा. कॅल्शियमची गाठ पडताच जास्त उजळणारे आणि गाठ सुटताच मंदावणारे द्रव्य जर जिवंत पेशीत ठेवता आले, तर पेशीतील निरोप उजेडाच्या रूपाने आपल्या डोळ्यांना दिसेल. पेशी जिवंत राहील आणि तिचे काम तिच्या घरीच चालू राहील.

या दिशेने पहिले पाऊल एका सागरी जीवामुळे पडले. ओसामू शिमोमुरा हे जपानी शास्त्रज्ञ १९६१ साली अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर फ्रायडे हार्बर येथे एका चमकणाऱ्या जेलीफिशमधील प्रकाशद्रव्य शोधीत होते. बऱ्याच खटपटीनंतर निरुपयोगी वाटलेला अर्क त्यांनी मोरीत ओतला आणि मोरी एकदम निळ्या प्रकाशाने उजळून निघाली. त्या मोरीत समुद्राचे पाणी येत होते, आणि समुद्राच्या पाण्यात कॅल्शियम असते. त्या द्रव्याला प्रकाश देण्यासाठी कॅल्शियमच हवे होते! सुमारे दहा हजार जेलीफिश गोळा करून त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी हे प्रथिन शुद्ध केले आणि १९६२ साली त्याची माहिती प्रसिद्ध केली. त्याचे नाव ईक्वोरिन. १९६७ साली रिजवे व ॲश्ली यांनी बार्नेकल या सागरी प्राण्याच्या जाड स्नायुतंतूत ते टोचले आणि स्नायू आकुंचन पावण्याच्या वेळी आत उठणारी कॅल्शियमची लाट प्रथमच प्रकाशरूपाने नोंदवली.

येथे एक भेद ध्यानात घ्यावा. काजव्याप्रमाणे ईक्वोरिन स्वतःच प्रकाश देते. त्याला बाहेरचा दिवा लागत नाही. परंतु तो प्रकाश अतिशय क्षीण असतो, आणि शिवाय ते पेशीत सुईने टोचावे लागते. लहानशा पेशीला सुई टोचणे म्हणजे लिंबात पहार खुपसण्यासारखे आहे. यासाठी निराळा उपाय पाहिजे होता.

तो उपाय रॉजर त्सिएन या शास्त्रज्ञाने काढला. त्यांचा जन्म १९५२ साली न्यूयॉर्क येथे झाला, घराणे चिनी. केंब्रिज येथे असताना त्यांनी एक रेणू रचला. हा रेणू चिमट्यासारखा कॅल्शियम धरतो. त्याच द्रवात मॅग्नेशियम कितीतरी अधिक असते, पण त्याला तो फारसा दाद देत नाही. आणि कॅल्शियम धरले की त्याचे अनुस्फुरण बदलते. १९८० साली त्यांनी ही रचना प्रसिद्ध केली.

पण असा रेणू पेशीत शिरणार कसा? त्याच्या अंगावर विद्युत्भार असतो, आणि पेशीभोवतीचे तेलकट आवरण भारित द्रव्याला सहसा आत येऊ देत नाही. १९८१ साली त्सिएन यांनी यावर मोठी चतुर युक्ती प्रसिद्ध केली. त्यांनी रेणूच्या भारांवर रासायनिक टोप्या चढवल्या. टोप्या घातलेला रेणू आवरणातून सहज आत शिरतो. आत गेल्यावर पेशीचीच विकरे, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणारी प्रथिने, त्या टोप्या कापून टाकतात. भार उघडे पडतात आणि रेणूला बाहेर पडण्याची वाट राहत नाही. आमच्या वैनगंगेत मासे धरण्यासाठी बांबूचे पिंजरे लावतात. मासा आत जातो, पण त्याला परत फिरता येत नाही. अगदी तसेच! सुई नाही, जखम नाही. द्रावण पेशींवर ओतायचे, थोडा वेळ थांबायचे आणि भिंगाखाली पाहायचे.

१९८५ साली बर्कली येथे त्सिएन व त्यांच्या सहकाऱ्यांनी फ्युरा-२ हा अधिक तेजस्वी दर्शक सिद्ध केला. दोन निरनिराळ्या तरंगलांबींच्या प्रकाशात त्याची दीप्ती पाहून व त्यांचे गुणोत्तर काढून कॅल्शियमचे प्रमाण मोजता येते. पेशीत दर्शक कमी शिरला की अधिक, याने हिशेब चुकत नाही. त्यामागून फ्लुओ या नावाची मालिका आली. हे दर्शक निळ्या प्रकाशात धरले असता कॅल्शियम भेटताच हिरवे उजळतात.

त्सिएन एवढ्यावर थांबले नाहीत. शिमोमुरा यांना त्याच जेलीफिशमध्ये ईक्वोरिनच्या सोबतीने एक हिरवे अनुस्फुरक प्रथिन सापडले होते. १९९२ साली डग्लस प्रॅशर यांनी त्याचे जनुक वेगळे केले आणि १९९४ साली मार्टिन चाल्फी यांनी ते जनुक दुसऱ्या जीवांत घालून त्यांच्या पेशी हिरव्या चमकवल्या. आता रंग बाहेरून ओतण्याचीही गरज उरली नाही. पेशी स्वतःच आपला दिवा घडवू लागली. १९९७ साली मियावाकी व त्सिएन यांनी अशा प्रथिनांपासून कॅल्शियमचे दर्शक बनवले, तर २००१ साली जपानमध्ये नाकाई व त्यांच्या सहकाऱ्यांनी जी-कॅम्प हा दर्शक तयार केला. आज जिवंत प्राण्याच्या मेंदूतील मज्जापेशी काम करताना लुकलुकतात ते बहुधा याच जातीच्या दर्शकांमुळे. २००८ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक शिमोमुरा, चाल्फी व त्सिएन या तिघांना हिरव्या प्रथिनाच्या कार्याबद्दल मिळाले. त्सिएन २०१६ साली निवर्तले.

आपल्या देशातही या कामात भर पडली आहे. बंगळूरच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात यमुना कृष्णन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली डीएनएच्या धाग्यांपासून एक चिमुकला चिमटा घडवला. पेशीच्या ज्या भागात तो जाईल तेथील आम्लतेप्रमाणे तो उघडतो किंवा मिटतो आणि त्यानुसार त्याचा रंग पालटतो.

आता मी माझ्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाकडे वळतो. हिवतापाचा जंतू जिवंत असताना आत काय करतो?

फाल्सिपेरम जातीचा जंतू तांबड्या रक्तपेशीत सुमारे ४८ तास वाढतो, तिच्यातील रक्तद्रव्य खातो आणि एकाचे साधारण सोळा ते बत्तीस होतात. मग ती पेशी फुटते व ही पिल्ले रक्तात येतात. एकेक पिल्लू मिलिमीटरच्या सुमारे हजाराव्या भागाएवढे. त्याला थोड्याच अवकाशात नवी तांबडी पेशी गाठून आत शिरावे लागते. उघड्यावर त्याचे आयुष्य मोजकेच असते. त्याच्या टोकाशी बारीक पिशव्या असतात आणि त्यांत पेशीला चिकटण्याची व आत घुसण्याची प्रथिने भरलेली असतात. ही हत्यारे आधीच बाहेर काढली तर शरीराच्या रक्षकांना ती दिसतील. उशिरा काढली तर पेशी निसटेल. मग या जंतूला वेळ कळते कशी?

या प्रश्नावर एका मराठी नावाच्या शास्त्रज्ञाने काम केले आहे. डॉ. चेतन चिटणीस यांनी मुंबईच्या आय.आय.टी.मध्ये भौतिकशास्त्राचा अभ्यास केला आणि नंतर ते जीवशास्त्राकडे वळले. नवी दिल्लीतील आंतरराष्ट्रीय जनुक अभियांत्रिकी व जैवतंत्रज्ञान केंद्रात त्यांनी हिवतापावर अनेक वर्षे संशोधन केले. २००४ साली त्यांना भटनागर पारितोषिक व २०१० साली इन्फोसिस पारितोषिक मिळाले. पुढे ते पॅरिसच्या पाश्चर संस्थेत गेले. हिवतापाचा जंतू प्रथम पाहणारे लॅव्हरां यांनीही आपले उत्तरायुष्य याच संस्थेत संशोधनात घालवले होते.

२०१० साली शैलजा सिंग, चिटणीस व त्यांच्या सहकाऱ्यांनी एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्यांनी जंतूच्या पिल्लांत फ्लुओ जातीचा कॅल्शियम-दर्शक भरला आणि त्यांच्या आतील उजेड कसा बदलतो ते पाहिले. तांबड्या पेशीच्या आत पोटॅशियम भरपूर असते. बाहेर रक्तद्रवात ते फार थोडे. पिल्लू पेशीबाहेर पडून कमी पोटॅशियमच्या द्रवात आले की त्याच्या आतील कॅल्शियम वाढते, म्हणजेच उजेड चढतो, असे त्यांना आढळले. हा निरोप मिळताच पहिल्या पिशव्यांतील हत्यारे बाहेर येतात. मग पिल्लाचे प्रथिन नव्या तांबड्या पेशीवरील आपल्या जोडीदाराला जाऊन चिकटते. तेव्हा कॅल्शियम पुन्हा पूर्ववत होते आणि दुसऱ्या पिशव्या मोकळ्या होतात. कॅल्शियम पकडून ठेवणारे द्रव्य आधीच आत घातले, तर हत्यारे बाहेर येत नाहीत. हे पकडणारे द्रव्य म्हणजे त्सिएन यांचाच तो जुना चिमटा.

पोटॅशियमच्या भूमिकेविषयी पुढे दुसऱ्या संशोधकांनी शंका काढल्या, आणि तो वाद शास्त्राच्या रीतीनेच चालला. परंतु कॅल्शियमच्या निरोपावाचून हा जंतू आपली हत्यारे काढू शकत नाही, ही गोष्ट अनेक प्रयोगशाळांनी पडताळून पाहिली आहे.

यावरून लगेच एखादे औषध आपल्या दवाखान्यात आले आहे असे मी म्हणणार नाही. ते खरे ठरणार नाही. तथापि शत्रूचा निरोप कोणत्या वाटेने जातो हे कळले, म्हणजे ती वाट कोठे अडवावी याचा विचार करता येतो. जंतूचे असे निरोप तोडणारी द्रव्ये शोधण्याचे काम जगात चालू आहे.

श्रोतेहो, या साधनांची मर्यादाही सांगणे मला आवश्यक वाटते. दर्शक हा साक्षीदार आहे, पण तो अगदी अलिप्त नाही. तो कॅल्शियम धरून ठेवतो. म्हणून पेशीत त्याची मात्रा जास्त झाली, तर तो निरोपच मंद करून टाकतो. तीव्र प्रकाश फार वेळ टाकला तर रंग विटतो आणि पेशीलाही इजा होते. चांगला संशोधक म्हणून थोडा रंग घालतो, थोडा उजेड टाकतो आणि दर्शक नसलेल्या पेशींशी आपले निष्कर्ष ताडून पाहतो. साक्ष घेताना साक्षीदारामुळे प्रकरण बदलले नाही ना, हे पाहण्याची ही दक्षता मला फार मोलाची वाटते. आम्ही शिक्षकही मुलांना प्रश्न विचारतो तेव्हा प्रश्न पुष्कळदा इतका जड असतो, की मुलाचे स्वतःचे उत्तर त्याखाली दबून जाते.

आमच्या जिल्ह्यातील बैहर, बिरसा या जंगलपट्ट्याने हिवताप पिढ्यान्पिढ्या सोसला आहे. जबलपूरच्या संशोधकांनी या भागात वर्षानुवर्षे हिंडून त्याचा अभ्यास केला. आज आशा कार्यकर्ती घरी येते, बोटाच्या एका थेंबावर छोटी पट्टी लावते आणि काही मिनिटांत त्यावर रेघ उमटते. तीही एक दर्शकच. क्विनाइनच्या जागी आता आर्टेमिसिनिनची संयुक्त औषधे आली आहेत. ताप येताच रक्त तपासून घेतले आणि औषधाचा क्रम पुरा केला, तर या रोगाने कोणी दगावण्याचे सहसा कारण नाही. मात्र ताप आल्यापासून त्या पट्टीपर्यंतचे अंतर एका दिवसाहून लांबू देऊ नये. माझ्या विद्यार्थिनीच्या घरी ते तीन दिवसांचे झाले होते.

विचार करता एक गोष्ट मनात येते. स्टोक्स यांच्या हातातील नळीत जे क्विनाइन निळे चमकले ते हिवतापाचे औषध होते. त्या चमकेचा अर्थ समजला, म्हणून पुढे अनुस्फुरक दर्शक घडवता आले. आणि त्याच दर्शकांनी दीडशे वर्षांनंतर हिवतापाच्या जंतूच्या आतील निरोप उजेडात आणला. औषधाने दाखवलेली वाट फिरून रोगापाशीच आली.

ती मुलगी आता परिचारिकेचे शिक्षण घेत आहे. हे भाषण तिच्या कानी पडले तर तिला माझे एवढेच सांगणे आहे: बाळ, त्या दिवशी मी तुला चुकीचे सांगितले. तो जंतू मारल्यावाचूनही दिसतो. तो आत शिरण्यापूर्वी क्षणभर उजळतो, आणि तो उजेड पाहणारी माणसे आपल्याच देशात आहेत. तुझा प्रश्न बरोबर होता. तो विचारायचे थांबू नकोस.